पेटीतल्या तबकड्या आणि वहीतलं कर्ज



आज आपण रेकॉर्डवर बोलणार आहोत. गटाच्या रेकॉर्डवर नव्हे, त्यावर तर दर महिन्याला बोलतोच. सभेचं इतिवृत्त, बचतीचं पुस्तक, कर्ज खतावणी, सगळं पूर्ण आहे का म्हणून आम्ही तुमच्या मागे लागतो. आज गाण्याच्या रेकॉर्डवर बोलू. काळी, गोल, मधे भोक असलेली तबकडी. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांनी ती लग्नात, गणपतीत फिरताना पाहिली असेल. तरुण मुलींनी ती सिनेमातच पाहिली असणार. पण बोलता बोलता आपण गटाच्या रेकॉर्डवरही येऊ, कारण आम्हाला या विषयाकडे त्यानेच नेलं.

झालं असं. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतल्या गटाची एक ताई सलग तीन सभांना आली नाही. हप्ता थकला होता. आम्ही तिच्या घरी गेलो. वहीत तिचं कर्ज शेळीपालनासाठी लिहिलेलं होतं, पण गोठ्यात शेळी नव्हती. ते आम्हालाही ठाऊक होतं. पैसे तिच्या मुलाच्या हळदीच्या डीजेला गेले होते. कर्ज देताना गटात कुजबुज झाली होती, आम्हीही बसलो होतो, आणि तरीही "शेळी" असंच लिहू दिलं. ही चूक तिची एकटीची नाही, आमचीही आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

त्या दिवशी ताई काही बोलेना. चहा ठेवते म्हणून आत गेली. ओटीवर तिचे सासरे बसले होते, ऐंशीच्या घरातले. समोर पत्र्याची पेटी उघडी होती आणि ते फडक्याने एक-एक रेकॉर्ड पुसत होते. आम्ही विचारलं, "आजोबा, हे काय?" ते म्हणाले, "माझा हिस्सा. अकरा नग." हिस्सा कसला, ते मग कळलं. पण त्याआधी या तबकडीची जुनी गोष्ट थोडी बघू.

लाखेची तबकडी, बायकांचा आवाज

आपल्या देशात गाण्याची पहिली रेकॉर्ड भरली गेली ती १९०२ साली, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस विलायतेहून यंत्र घेऊन आला होता. नामवंत उस्ताद मंडळी त्या कर्ण्यापुढे गायला बिचकत होती. आपला आवाज कोणाच्याही घरी, कसाही वाजणार, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. पुढे आल्या त्या बायका. गौहरजान ही त्यातली सगळ्यात गाजलेली. गाणं संपलं की ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कोणती कोणाची हे कळावं म्हणून ही सोय होती. पण विचार करा, ज्या काळात बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्या काळात एक बाई आपलं नाव तबकडीत कोरून ठेवत होती.

त्या वेळच्या रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. आपल्या बांगड्यांची लाख, टपालाच्या सीलची लाख, तीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे लाख तयार करतात. ती गोळा करून, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी बनायची. जगभरच्या रेकॉर्डला लागणारी बरीचशी लाख आपल्याच देशातल्या जंगलातून जायची. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरायची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं, आणि हातातून पडली की मातीच्या मडक्यासारखी फुटायची. यंत्राला वीज लागत नसे. चावी द्यायची, सुई टेकवायची. सुईही एक-दोन गाण्यांनंतर बदलावी लागे.

पुढे पुण्याच्या सुंदराबाई जाधव, हिराबाई बडोदेकर अशा कितीतरी जणींचे आवाज या तबकड्यांवरून घराघरांत गेले. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर रेकॉर्ड भरायला सहसा तयार होत नसत. पण १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, आणि त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड ठेवली. पृथ्वीवरची निवडक गाणी तिच्यात आहेत. भारतातलं एकच आहे, आणि ते केसरबाईंचं, भैरवी रागातलं. यान निघालं त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज मात्र अजून पुढे पुढे चालला आहे.

हौस आणि कर्ज

गाण्याच्या हौसेपायी कर्ज होणं ही काही आजची गोष्ट नाही. मराठी माणसाला याचं सगळ्यात मोठं उदाहरण माहीत आहे, बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचं खरं नाव. पुरुष असून बाईची भूमिका करायचे, आणि त्यांच्या साड्या, दागिने बघून बायका तसं नेसायला शिकायच्या. त्यांच्या नाट्यपदांच्या रेकॉर्ड गावोगाव वाजल्या. ज्यांनी आयुष्यात नाटकाचं तिकीट काढलं नाही, त्यांनाही ती पदं पाठ होती.

१९१३ साली गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. उत्पन्न भरपूर होतं, पण खर्च त्याहून भरपूर. खरे दागिने, भारी वस्त्रं, उंची अत्तरं, पंगती. १९२१ पर्यंत कंपनीवर मोठं कर्ज चढलं. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. स्वतःवर कर्ज असताना मिळकत देशाला दिली, ही त्यांची दानत. पुढची काही वर्षं नाटकं करून त्यांनी ते कर्ज फेडलं, कोणाला बुडवलं नाही, हा त्यांचा सचोटीपणा. पण हात आखडला नाही. पुन्हा खर्च, पुन्हा कर्ज. त्यात १९३१ साली 'आलम आरा' आला, दुसऱ्या वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, आणि लोक नाटक सोडून तिकडे वळले. बालगंधर्वांना पुढे पद्मभूषण मिळालं, लोकांनी जीव ओवाळून टाकला, पण अखेरचे दिवस ओढगस्तीतच गेले. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले.

आम्हाला यातून एक गोष्ट दिसते. कर्ज फेडायची दानत असणं वेगळं, आणि कर्ज होऊ न देण्याची सवय असणं वेगळं. आपल्या गटात पहिली दानत भरपूर आहे. एकही हप्ता न चुकवण्यासाठी दुसरीकडून उचलून भरणाऱ्या बायका आम्ही रोज पाहतो. दुसरी सवय लावायची राहिली आहे.

रुपयाला आणा

आता आपल्या भागाकडे येऊ. महाड-पोलादपूरची डोंगराळ जमीन, भात आणि नाचणी-वरी, त्यात खोतीचा जाच. पिकलेल्यातला वाटा खोताला, उरलेल्यावर वर्ष निघत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला हे आपण सगळ्या जाणतो. त्याच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं होतं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. तोवर आपल्याकडच्या पुरुषांनी मुंबईची वाट धरली होती. दासगावच्या बंदरातून बाणकोट, तिथून बोटीने मुंबई. गिरणीत चिकटायचं, गावाला मनिऑर्डर पाठवायची.

पण गिरणीत पगार हातात यायला महिना-दीड महिना लागे. तोवर खायचं काय? मग सावकार, वाणी, पठाण. महिन्याला रुपयाला एक आणा व्याज. ऐकायला आणाच. पण रुपयात सोळा आणे. म्हणजे वर्षाला बारा आणे, शंभर रुपयांवर ७५ रुपये नुसतं व्याज. १९३१ साली शाही मजूर आयोगाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की बहुतेक औद्योगिक शहरांत तीनपैकी दोन कामगार कुटुंबं तरी कर्जात आहेत, आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे.

यातून वाट काढली ती गाववाल्यांनी एकत्र राहून. लालबाग-परळला एका गावची, एका वाडीची मिळून एक खोली असायची. वीस-वीस माणसं पाळीने झोपायची. जेवायला खानावळ. खानावळ चालवणाऱ्या बाया पहाटेपासून राबायच्या, वाण्याकडून उधारीवर माल उचलायच्या, आणि व्याजात बुडायच्या. या बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला काही नव्हतं, एकमेकींचा भरवसा हेच तारण. आपण आज ज्याला गट म्हणतो, त्याची एक मुळी त्या खानावळीच्या चुलीपाशी आहे.

अकरा नग

आजोबांचा 'हिस्सा' या खोलीतला. १९७४ च्या सुमाराला त्यांच्या खोलीतल्या पोरांना फोनोची हौस आली. तोवर लाखेच्या तबकड्या गेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या, न फुटणाऱ्या रेकॉर्ड आल्या होत्या. लहान असली तर एका बाजूला दोन गाणी, मोठी असली तर वीस-बावीस मिनिटं. एचएमव्हीचं पेटीसारखं फिएस्टा यंत्र तेव्हा फार चालायचं. पण एकट्याच्या पगारात ते बसेना. पठाण द्यायला तयार होता. खोलीतल्या जाणत्या माणसाने सांगितलं, "भाकरीसाठी कर्ज काढलं तर देव माफ करील, गाण्यासाठी काढलं तर मी माफ करणार नाही." मग महिन्याला माणशी पाच रुपये जमा करायचे ठरलं. पैसे पुरे झाले तेव्हा यंत्र आलं, आधी नाही. मग दर पगाराला एक रेकॉर्ड. कोणती घ्यायची यावर भांडणं. एकाला शाहीर साबळे हवे, एकाला प्रल्हाद शिंदे, एकाला दादा कोंडक्यांच्या सिनेमाची गाणी. गणपतीत यंत्र गावी यायचं, आणि जाखडी, खालूबाजा दमला की सगळ्या वाडीसाठी फोनो वाजायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात होते. महिने उलटले तसे खोलीतले लोक एकेक करून गावाला परतले. जाण्याआधी चोरबाजारात यंत्र विकलं, पैसे सारखे वाटले, रेकॉर्डही वाटल्या. आजोबांच्या वाट्याला अकरा आल्या. यंत्राशिवाय रेकॉर्ड म्हणजे ताटलीच, पण त्यांनी ठेवल्या. पेटी महाडला थोरल्या मुलाकडे होती. जुलै २०२१ च्या पुरात ती चिखलाने भरली. पुठ्ठ्यांचा लगदा झाला, तबकड्या मात्र साबणाच्या पाण्याने धुतल्यावर जशाच्या तशा निघाल्या. चिकटलेले कागद पुसले गेले, त्यामुळे कुठल्या तबकडीत कुठलं गाणं हे आता आजोबांनाही नक्की सांगता येत नाही.

आम्हाला ही गोष्ट फार आवडली. लगेच मनात हिशोब मांडला, सभेत सांगायला किती छान उदाहरण आहे, कर्ज न काढता हौस! आम्ही तसं बोलूनही दाखवलं. तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला. त्या तांदूळ निवडत होत्या.

"पाच रुपयं कुटनं जायाचं ते विचारलंस का? माझ्या मनिआर्डरीतनं जायाचं."

आम्ही गप्प झालो. आजी सांगत गेल्या. मनिऑर्डर कमी आली की त्या वाण्याकडे तांदूळ उधार आणायच्या. म्हणजे खोलीत पठाणाचं कर्ज झालं नाही हे खरं, पण गावात वाण्याचं झालं, आणि ते आजींच्या नावावर. "गानं ऐकायला मला बी आवडायचं," त्या म्हणाल्या. "पन मला इचारलं कुनी नाय. आमचं गानं जात्यावर. त्याला ना चावी लागत, ना वर्गणी."

जात्यावरच्या ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या आहेत. पुस्तकात नसलेला बायकांचा इतिहास त्यांत आहे, सासर, माहेर, दुष्काळ, कर्जसुद्धा. आजींसारख्यांचं गाणं कुठल्याच पेटीत नव्हतं, तरी टिकलं.

तेव्हा ताई चहा घेऊन आली आणि पहिल्यांदा बोलली. डीजे ठरवताना तिलाही कोणी विचारलं नव्हतं. मुलाने आणि दिराने सुपारी दिली, आणि मग पैसे कमी पडले म्हणून तिला गटात पाठवलं. वर एका खासगी फायनान्सचं कर्जही तिच्याच नावावर होतं. पन्नास वर्षांत गाण्याचं यंत्र बदललं, फोनोचा डीजे झाला, पण पैसे कुणाच्या नावावर निघायचे ते बदललं नव्हतं.

एक हिशोब

ताईच्या त्या दुसऱ्या कर्जाचा कागद आम्ही पाहिला. रकमा तिच्या सांगत नाही, तसाच सोपा हिशोब सांगतो. वहीत लिहून घ्या.

कोणी म्हणालं, १०,००० रुपये घ्या, वर्षाला फक्त १२ टक्के, बारा हप्ते. व्याज १,२०० झालं. पण हे व्याज वर्षभर पूर्ण दहा हजारांवर लावलेलं असतं. तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल परत करत जाता, सहा महिन्यांनी निम्मंच उरतं. त्यामुळे खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. आता गटाचं कर्ज घ्या. महिना शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४, ऐकायला दुप्पट. पण घटत्या शिल्लकेवर मोजलं तर बारा महिन्यांचं व्याज होतं १,३०० रुपये. फरक फक्त शंभराचा. त्यातही तिकडे प्रक्रिया शुल्क, विमा वेगळा कापतात. आणि मुख्य म्हणजे तिकडचे १,२०० गेले ते गेले, गटातले १,३०० आपल्याच तिजोरीत राहतात.

म्हणून कर्ज घेताना एकच प्रश्न विचारा, "व्याज मूळ रकमेवर, की घटत्या शिल्लकेवर?" उत्तर देताना समोरचा चाचरला तर सही करू नका.

हौसेचं काय करायचं?

आम्ही असं म्हणत नाही की हौस नको. गाण्याशिवाय शेतातली लावणीसुद्धा उरकत नाही. रेकॉर्डची हौस तर आता पुन्हा आली आहे. १९८० नंतर कॅसेटने रेकॉर्ड मोडीत काढली, कॅसेट सीडीने, सीडी मोबाईलने. पण २०२० साली अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीचा पैसा सीडीपेक्षा जास्त झाला. आपल्याकडेही शहरात नवी रेकॉर्ड दोन-तीन हजारांना विकली जाते. मुंबईत १९९० पासून जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकर हे शास्त्रज्ञ तिचे कितीतरी वर्षं सचिव होते. ही मंडळी एकत्र जमतात, आपापल्या तबकड्या वाजवतात, माहिती लिहून ठेवतात. एकाकडे असलेलं गाणं सगळे ऐकतात. आमच्या आजोबांच्या खोलीत हेच चालायचं.

ताईच्या कर्जाचं पुढं काय झालं ते सांगतो. पुढच्या सभेत आम्ही आधी आमची चूक बोललो. वहीतली "शेळी" खोडली नाही, खाडाखोड करायची नसते. खाली नवीन ठराव लिहिला, खरं कारण लिहिलं, आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. यावर दोघीजणी रागावल्या. "आम्ही वेळेवर भरतो ते वेडे म्हणून का?" असं एकीने विचारलं. तिचं चुकीचं नव्हतं. तासभर वाद झाला. शेवटी मुलाने गटासमोर येऊन निम्मा हप्ता आपण भरू असं सांगितलं. आतापर्यंत दोन हप्ते आले आहेत. दोनच आलेत, म्हणून आम्ही अजून पेढे वाटलेले नाहीत.

आणखी एक विषय निघाला. गटाकडे लग्नाची भांडी भाड्याने द्यायला आहेतच, मग एक बरा स्पीकर का घेऊ नये? वाडीतल्या हळदीला तोच वाजेल, भाडं गटात राहील. काहींना पटलं. काही म्हणाल्या, पोरांना डीजेच हवा, आपला स्पीकर माळ्यावर पडून राहील. निर्णय झाला नाही. पण एक ठरलं. पैसे पूर्ण जमल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि वर्गणी काढायचीच तर ती कुणाच्या वाणसामानातून कापली जाणार हे आधी विचारायचं. हा दुसरा भाग आजींनी घालायला लावला.

तुमच्या गटात यावर बोला. कर्ज अर्जाच्या वहीत 'कारण' असा रकाना असतो. त्याच्या शेजारी पेनाने आणखी एक रकाना आखा, 'हे कोणी ठरवलं?' तिथे जिचं कर्ज आहे तिचं नाव लिहिता येत नसेल, तर त्या दिवशी पैसे देऊ नका. पुढच्या सभेला ठरवणाऱ्याला बोलवा.

आणि तुमच्या माळ्यावर, पेटीत जुन्या तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. साध्या पाण्याने धुवा, उन्हात ठेवू नका, उभ्या रचून ठेवा. आम्ही एक चालू फोनो शोधतोय, मागून आणायला, विकत नाही. मिळाला तर आजोबांच्या अकरा तबकड्यांत कुठलं गाणं कुठे आहे ते वाडीत सगळ्यांसमोर लावून बघायचं आहे. पण सुरुवात आजींच्या ओवीने होणार. त्यांना आम्ही विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.